विषास उतारा

प्रवरेच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा राहिला तो भंडारदऱ्याच्या धरणानंतर. १९१० सालीं आरंभ झालेलें तें काम १९२६ सालीं पुरें झालें, कालवे वाहूं लागले, आणि जेथें पावसाच्या लहरीवर बाजरी पिकत असे तेथें बारमाही हिरवा पट्टा तयार झाला. पुढें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु दाट उसांत उंदीर राहतात, आणि उंदीर जेथें तेथें घोणस, ही गोष्ट सहकाराच्या इतिहासांत कोणी लिहीत नाहीं. ती पाचट गोळा करणाऱ्या बाईला मात्र ठाऊक असते.

अहमदनगर जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव मिळालें, तो एका मुलखाचा नाहीं. अकोल्याकडे डोंगर आणि भात, राहुरी-श्रीरामपूर-कोपरगांवकडे कालवे आणि ऊस, पाथर्डी-जामखेडकडे खडकाळ कोरडवाहू माळ. ऊसतोडीसाठीं पाथर्डीहून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं असंख्य कुटुंबें बागायती भागांत उतरतात आणि पाचटाच्या कोप्यांत जमिनीवर अंथरूण टाकून निजतात. मण्यार हा रात्रीं हिंडणारा साप. त्याचे दांत इतके बारीक, कीं निजलेल्या माणसास दंश झाल्याचें कित्येकदां कळतही नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात. अपचन झालें असें समजून घरचीं माणसें ओवा देतात. तोंपर्यंत श्वासाचे स्नायु लुळे पडण्यास आरंभ झालेला असतो. घोणशीची तऱ्हा निराळी. तिच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति जाते, हिरड्यांतून रक्त येतें, पुढें मूत्रपिंडें काम सोडतात. नाग आणि फुरसें हे या चौकडींतील उरलेले दोघे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं.

शरीरांत शिरलेलें विष बाहेर कसें काढावें, किंवा आंतल्या आंत त्याची नांगी कशी मोडावी, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत विषावर चोवीस उपक्रम सांगितले आहेत. त्यांत मंत्र आहे, दंशाच्या वर बंध बांधणें आहे, चिरणें, पिळणें, चोखणें, डागणें, रक्त काढणें, वांति व रेच देणें, सारें आहे. सुश्रुतानें तर कल्पस्थान हा स्वतंत्र भागच विषाला दिला. खुद्द नगरांत १९१७ मध्यें गंगाधरशास्त्री गुणे यांनीं आयुर्वेदाचें महाविद्यालय काढलें, त्या परंपरेच्या दृष्टीनें विषतंत्र हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक अंग होय. या जुन्या यादीकडे आजच्या डोळ्यांनीं पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते: तींतील बहुतेक उपाय विषाला वाटेंत अडविण्याचे किंवा शरीराबाहेर लोटण्याचे आहेत. कल्पना चुकीची नव्हती. साधन अपुरें होतें. दंशाची जागा चिरून विष निघत नाहीं, कारण तें पेशींच्या फटींतून आणि रसवाहिन्यांतून केव्हांच पुढें गेलेलें असतें. आजचे डॉक्टर चिरणें, चोखणें आणि करकचून आवळणें या तिन्हींची मनाई करतात.

मांत्रिकाचें काय, असा प्रश्न येथें कोणीही विचारील. साप चावलेल्या माणसास मारुतीच्या पारावर आणावें, कडुनिंबाचा पाला चावावयास द्यावा, तो गोड लागला तर विष चढलें असें समजावें, आणि भगतानें रात्रभर मंत्र म्हणावे, हा प्रकार नगर जिल्ह्यांतच काय, साऱ्या महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आणि आश्चर्य असें, कीं पुष्कळ माणसें सकाळीं उठून घरीं गेलीं. त्याचें कारण मंत्रांत नाहीं. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशांत मारक इतकें विष उतरतेंच असेंही नाहीं. म्हणजे दहा रोग्यांपैकीं अनेक जण कांहीं न करतांही वांचावयाचेच. भगताला यश फुकट मिळालें. आणि ज्याला खरोखर नागानें डसलें होतें त्याचे मोलाचे दोन तास पारावर गेले. हीच चूक शिकलेल्या लोकांनींही केली, हें मात्र विसरूं नये. कलकत्त्याचे सर्जन जोसेफ फेअरर यांनीं सर्पांवरील आपला प्रचंड ग्रंथ १८७२ मध्यें छापला. त्यांनीं नांवाजलेले उतारे प्राण्यांवर तपासले आणि एकही खरा ठरला नाहीं. त्यानंतर तीस वर्षांनीं लॉडर ब्रंटन व लिओनार्ड रॉजर्स यांच्या नांवाचें, पोटॅश परमँगनेट भरलेलें एक लहानसें शस्त्र देशभर वांटण्यांत आलें. परीक्षानळींत परमँगनेट विषाचा नाश करतें, हें खरें. पायांत मात्र तें विषापर्यंत पोहोंचत नाहीं. जें मांस त्याच्या तावडींत सांपडतें तेवढें जाळतें. साहेबाच्या खिशांतला तो निळसर जांभळा मंत्रच होता, एवढेंच म्हणावें लागतें.

खरा उतारा सांपडला तो निराळ्याच वाटेनें. १८९० मध्यें बर्लिन येथें बेरिंग आणि किटासाटो यांनीं दाखविलें, कीं घटसर्प व धनुर्वात यांच्या विषाच्या लहान लहान मात्रा दिलेल्या प्राण्याच्या रक्तजलांत त्या विषाला बांधून टाकणारा पदार्थ उत्पन्न होतो. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत हे त्या सुमारास सायगांव येथें होते. १८९१ सालीं एका खेड्यांत पुराच्या पाण्याबरोबर नाग घरांत शिरले आणि कित्येकांस दंश झाले. तेथून काल्मेत यांना नागविषाचा नाद लागला, आणि मायदेशीं परतल्यावर १८९५ च्या सुमारास त्यांचें रक्तजल तयार झालें. सर्व सापांवर एकच औषध, असा त्यांचा प्रारंभीं दावा होता. तो दावा ज्यांनीं खोडून काढला त्यांत जॉर्ज लँब हे एक होते, आणि लँब यांचें काम मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेशीं निगडित होतें, ही गोष्ट महाराष्ट्रानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नागाच्या विषावर तयार केलेलें रक्तजल घोणशीच्या विषाला हात लावीत नाहीं, असें त्यांच्या प्रयोगांत दिसलें. ज्या विषाचें कुलूप, त्याचीच किल्ली.

परळची ही प्रयोगशाळा मूळ प्लेगसाठीं निघालेली. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग पसरला तेव्हां वाल्देमार हाफकिन यांना बोलावण्यांत आलें. जानेवारी १८९७ मध्यें त्यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. सर्पविषावरील रक्तजल आरंभीं कसौली येथें होत असे. परळला चारही सापांवर चालणारें रक्तजल १९४० च्या सुमारास तयार होऊं लागलें. त्या वेळीं संस्थेचें संचालकपद साहिबसिंग सोखी यांच्याकडे होतें. आजची रीतही मुळांत तीच आहे. धडधाकट घोड्याला विषाच्या सूक्ष्म, मग चढत्या मात्रा दिल्या जातात. कांहीं महिन्यांनीं त्याचें थोडें रक्त काढून त्यांतला द्रव वेगळा करतात, तांबड्या पेशी घोड्यास परत देतात, आणि द्रवांतील प्रतिद्रव्यें शुद्ध करून कुप्यांत भरतात. पोकळींत गोठवून त्याची पूड करण्याची युक्ति निघाली, हा खेड्यांच्या दृष्टीनें केवढा फरक! पातळ औषधाला बर्फाच्या पेटींत ठेवावें लागे; पूड साध्या कपाटांत राहते. संगमनेरहून पुण्याच्या वाटेवर, जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लागणाऱ्या नारायणगांवांतही आतां हें औषध बनतें.

आतां थोडा हिशेब. भारतीय प्रतिविषाच्या एका मिलिलिटरनें नागाचें किंवा घोणशीचें ०.६ मिलिग्रॅम विष निकामी होतें, मण्यार व फुरसें यांचें ०.४५. कुपी दहा मिलिलिटरची. घोणस एका दंशांत सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असें मोजमाप आहे. म्हणजे दहा कुप्या दिल्या तर साठ मिलिग्रॅमची तजवीज झाली. डॉक्टर आरंभीं आठ ते दहा कुप्या कां देतात तें या त्रैराशिकावरून कळतें. आणि ज्या दवाखान्याच्या कपाटांत दोनच कुप्या आहेत तेथें रोग्यास पुढें पाठविण्यावांचून गत्यंतर कां नसतें, तेंही.

एवढें असूनही या औषधाच्या कांहीं मर्यादा आहेत. घोड्याचें प्रथिन माणसाला परकें. कोणास पुरळ उठतो, कोणाचा रक्तदाब एकाएकीं खाली जातो, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिनची सुई भरून तयार ठेवावी लागते. प्रतिद्रव्याचा रेणु थोराड. रक्तांतील विष तो पकडतो, पण दंशाच्या जागीं मांसांत रुतलेल्या विषापर्यंत त्याची पोंच कमी, आणि म्हणून जीव वांचूनही बोट किंवा पाय गमावलेलीं माणसें दिसतात. तिसरी अडचण लँब यांच्याच शोधाची सावली आहे. औषधासाठीं लागणारें विष मुख्यतः तामिळनाडूंतील इरुळा लोकांच्या, १९७८ मध्यें स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतें. परंतु एकाच जातीच्या सापाचें विष प्रांताप्रांतांत बदलतें, हें बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंतील कार्तिक सुनगर व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ पासूनच्या अभ्यासांत दाखवून दिलें. दक्षिणेच्या घोणशीवरची किल्ली सर्वत्र तितकीच नीट बसेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

विंचवाच्या बाबतींत महाराष्ट्रानें याहून निराळा मार्ग काढला. कोंकणांत महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं लाल विंचवाच्या दंशांत हृदयावर होणारा परिणाम बारकाईनें टिपला आणि प्राझोसिन नांवाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. १९८२ व १९८६ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें काम प्रसिद्ध झालें. पूर्वीं गंभीर दंशाचे शेंकडा तीसच्या आसपास रोगी जात. पुढें तें प्रमाण अगदीं थोड्यावर आलें. ही गोळी विषाला स्पर्श करीत नाहीं. विषानें पेटविलेलें वादळ ती शमविते आणि शरीराला विष निस्तरण्यास अवधि देते. येथें विषयांतराचा दोष पत्करूनही तिचा उल्लेख केला, कारण विषापासून माणूस वांचविण्यासाठीं दरवेळीं विषच धरावें लागतें, असें नाहीं.

परंतु धरावयाचेंच असेल तर? आणि घोड्यावांचून? या विचाराचा धागा एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडतो. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडमध्यें, कांपेन या लहान गांवीं, विलेम कोल्फ यांनीं १९४३ मध्यें कृत्रिम मूत्रपिंड बनविलें. त्यांत सॉसेजच्या आवरणासाठीं मिळणारी सेलोफेनची नळी लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवतीं गुंडाळलेली होती. नळींतून रोग्याचें रक्त, बाहेर क्षारांचें पाणी; रक्तांतील मळ बारीक छिद्रांतून बाहेर झिरपे. आरंभींचे बहुतेक रोगी वांचले नाहींत. १९४५ मध्यें एक वृद्ध स्त्री शुद्धीवर आली. सेलोफेन म्हणजे वनस्पतींतील सेल्युलोज, आणि सेल्युलोज हें पॉलिमर होय: एकाच तऱ्हेच्या लहान रेणूंची लांबच लांब माळ. कापूस, नायलॉन, रबर हीं सारीं त्याच कुळांतलीं. शरीरांतील विष काढण्याच्या कामीं पॉलिमरचा प्रवेश झाला तो असा, शरीराच्या बाहेरून. घोणशीनें ज्याचीं मूत्रपिंडें बंद पाडलीं अशा रोग्यास आजही याच तत्त्वाचें यंत्र तारतें.

बाहेरून आंत जाण्यास पुढें अर्धें शतक लागलें. कांहीं पॉलिमर आंतड्यांत सोडून तेथील नको असलेले पदार्थ बांधून मलावाटे नेण्याची युक्ति निघाली. मूत्रपिंडाच्या रोग्यांचें जादा फॉस्फेट सेव्हेलॅमर नांवाचें पॉलिमर याच रीतीनें काढतें. रक्तांत उतरण्याचें धाडस त्यानंतरचें. १९९८ मध्यें शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं भूल देण्याच्या औषधाची मात्रा विषारी झाली असतां शिरेंतून सोयाबीनच्या तेलाचे सूक्ष्म थेंब दिले तर हृदय पुन्हां चालूं लागतें. २००६ मध्यें माणसावरही तो उपाय सफल झाला. नगरच्या शेतकऱ्यास परिचयाच्या त्या सोयाबीनच्या तेलाचे थेंब औषधाला हृदयापासून दूर वाहून नेतात, असें त्याचें स्पष्टीकरण देण्यांत येतें. २००८ मध्यें युरोपांत शस्त्रक्रियेच्या वेळीं वापरावयाचें सुगामॅडेक्स आलें. तें साखरेच्या आठ घटकांचें कडें आहे; स्नायु सैल करणारें औषध त्या कड्याच्या पोकळींत अडकतें आणि दोन्ही मिळून लघवीवाटे निघून जातात. चरकाच्या यादींत जें नव्हतें तें येथें प्रथमच घडलें: रक्तांत असलेला नेमका एक रेणु पकडून वाहून नेणारें, माणसाच्या हातानें घडविलेलें वाहन.

मग पॉलिमरचे कण. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असल्या कांहीं दशक नॅनोमीटरच्या कणाला विष ओळखावयास कसें शिकवावें? अमेरिकेंत अर्व्हाईन येथील केनेथ शे, आणि युहोशिनो प्रभृति जपानी सहकारी, यांनीं मोदकाच्या साच्याची उलटी रीत वापरली. मोदक साच्यांत घडतो. त्यांनीं मोदकाभोवतीं साचा घडविला. मधमाशीच्या विषांतील मुख्य पदार्थ मेलिटिन हा सव्वीस अमिनो आम्लांचा लहानसा रेणु. तो पॉलिमरच्या कच्च्या मालांत मिसळून त्याच्याभोवतींच कण तयार होऊं द्यावेत, मग मेलिटिन धुऊन काढावें. कणावर त्याच्या आकाराची खांच राहते. २०१० मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें, कीं मेलिटिन टोंचलेल्या उंदरांना हे कण शिरेंतून दिल्यावर विष रक्तांतच धरलें गेलें, कणांसह यकृताकडे गेलें आणि मृत्यूचें प्रमाण घटलें. घोडा नाहीं, रक्तजल नाहीं. २०१८ मध्यें याच मंडळींनीं आफ्रिकेंतील थुंकणाऱ्या नागाच्या विषावर अशा तऱ्हेचे कण योजून दाखविलें, कीं दंशाच्या जागीं दिले असतां उंदराची कातडी कमी सडते. प्रतिद्रव्य जेथें तोकडें पडतें, नेमकें तेथें.

सॅन दिएगो येथील लियांगफांग झांग यांनीं आणखी निराळी युक्ति केली. विष तांबड्या पेशींवर धाड घालतें ना, मग तिला तांबडी पेशीच दाखवावी, पण खोटी. शरीरांत विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या गोळीवर तांबड्या पेशीचें खरें आवरण चढविलें. गोळीची रुंदी ८५ नॅनोमीटर, म्हणजे पेशीच्या सुमारें ऐंशीव्या हिश्श्याइतकी. २०१३ मध्यें ही हकीकत छापून आली. जंतूंचें एक मारक विष टोंचण्यापूर्वीं हे कण दिले तेव्हां दहा उंदरांपैकीं जवळजवळ नऊ वांचले. विष दिल्यानंतर कण दिले तेव्हां निम्म्याहून कमी. या दोन आंकड्यांमधील अंतर हाच या साऱ्या विषयाचा गाभा होय. वर्तमानपत्रांनीं पहिला आंकडा ठळक छापला. अकोल्याच्या डोंगरांतील वाडीवरून तालुक्याला येणाऱ्या रोग्याचा संबंध दुसऱ्याशीं आहे.

म्हणून या कणांविषयीं आज बोलावयाचें तर मोजूनमापून बोलावें. मेलिटिन हा एक रेणु. घोणशीचें विष म्हणजे डझनावारी प्रथिनांची मिसळ, आणि तीही प्रांतोप्रांतीं बदलणारी. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कण यकृतांत साठून राहिले तर पुढें काय, त्यांनीं रक्तांतील उपयोगी प्रथिनेंही गिळलीं तर काय, हे प्रश्न प्रयोगशाळेला सोडवावयाचे आहेत. सर्पदंशावरील असा कण कोणत्याही रुग्णालयांत रोग्याला दिला जात नाहीं. दुसरे कांहीं संशोधक माणसाच्या प्रतिद्रव्याची कृत्रिम प्रत करण्याच्या मागें आहेत. २०२४ मध्यें अमेरिकेंतील स्क्रिप्स आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं मिळून नाग-मण्यार कुळांतील अनेक सापांच्या एका विषद्रव्यावर चालणारें प्रतिद्रव्य जाहीर केलें. कण कीं प्रतिद्रव्य, हें काळ ठरवील. पुडीसारखे टिकणारे, घोड्यावांचून होणारे, स्वस्त पॉलिमर-कण खरोखरच निघाले तर त्यांचा पहिला हक्क कोपींत निजणाऱ्याचा असावा. पण आजवरचा अनुभव असा, कीं ज्या रोगाचे रोगी गरीब, त्या रोगाच्या औषधाला भांडवल उशिरां मिळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादींत पक्कें स्थान दिलें तेंही २०१७ मध्यें.

दरम्यान साधीं साधनें आहेत. नेपाळच्या तराईंतील पाहणींत असें दिसलें, कीं मच्छरदाणी लावून निजणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी होतात. ही मच्छरदाणीही बहुधा पॉलिमरच्याच धाग्याची असते, एवढी गंमत. जामखेडला १९७० पासून रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें, शाळा न पाहिलेल्या स्त्रियांना आपल्याच गांवाच्या आरोग्यसेविका म्हणून तयार करतां येतें, हें सिद्ध करून दाखविलें आहे. साप चावलेल्यास हालवूं नये, पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, भगताकडे न नेतां गाडी थेट रुग्णालयाकडे वळवावी, हें सांगावयास त्याहून अधिक विद्या लागत नाहीं. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. २०३० पर्यंत मृत्यु निम्म्यावर आणावे, असें तिचें उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, प्रत्येक दंश व प्रत्येक मृत्यु यांची नोंद करणें सक्तीचें करावें, असें राज्यांना कळविण्यांत आलें. मारुतीच्या पारावर संपलेल्या मृत्यूंची नोंद आजवर कोणत्याच दप्तरांत होत नसे.